डॉट इन घ्यायचं की डॉट कॉम? नाशिकच्या नव्या व्यावसायिकासाठी पायरी-पायरीने

पंचवटीत होमस्टे चालवणाऱ्या एका काकूंचा फोन आला. सिंहस्थ तोंडावर आलाय, खोल्यांची चौकशी आत्तापासूनच सुरू झालीय, आणि मुलाने वेबसाइट काढायचं मनावर घेतलंय. नाव ठरलं, फोटो काढून झाले, आणि सगळं एका जागी येऊन अडलं. नावापुढे डॉट इन लावायचं की डॉट कॉम? मुलगा म्हणतो डॉट कॉम, कारण सगळे मोठे तेच घेतात. शेजारचे दुकानदार म्हणाले, डॉट इन स्वस्त पडतं. काकू मला म्हणाल्या, "तू एक काय ते सांग बाबा, मी तेच घेते."

मी एक काय ते सांगितलं नाही. संध्याकाळी त्यांच्या ओट्यावर जाऊन बसलो, आणि वही काढून आम्ही दोघांनी मिळून ठरवलं. गेली अनेक वर्षं नाशिकमधल्या छोट्या व्यवसायांच्या वेबसाइट बनवतोय. सातपूर-अंबडचे कारखानदार, दिंडोरी-निफाडचे द्राक्ष बागायतदार, गंगापूर रोडचे क्लासवाले, असे सगळे याच प्रश्नावर थबकतात. म्हणून काकूंशी ज्या क्रमाने बोललो, त्याच क्रमाने इथे लिहितोय.

पहिली पायरी: पत्ता उजवीकडून वाचा

पोस्टातला माणूस पाकिटावरचा पिनकोड आधी बघतो, घर नंबर शेवटी. इंटरनेटचंही तसंच आहे. वेबसाइटचा पत्ता कॉम्प्युटर उजवीकडून वाचतो. सगळ्यात उजवीकडचा तुकडा म्हणजे एक्स्टेंशन, त्याच्या डावीकडे तुमचं नाव.

या तुकड्यांचे मुख्य प्रकार दोन. दोन इंग्रजी अक्षरांचा असेल तर तो एखाद्या देशाचा किंवा प्रदेशाचा. ही अक्षरं देशांच्या आंतरराष्ट्रीय संकेतयादीतून घेतलेली असतात. भारताचं इन, जर्मनीचं डीई, नेदरलँड्सचं एनएल. तीन किंवा जास्त अक्षरांचा असेल तर तो सहसा जागतिक, म्हणजे कॉम, ऑर्ग, नेट आणि अलीकडे आलेले शॉप, ऑनलाइनसारखे शेकडो. डॉट कॉम १९८५ साली सुरू झालं आणि ते मुळात 'कमर्शियल'साठी होतं. डॉट इन १९८९ साली भारताला मिळालं, पण २००५ सालापर्यंत ते मिळवणं सामान्य माणसासाठी किचकट होतं. त्या वर्षी नोंदणी सगळ्यांसाठी खुली झाली. डॉट इनचा कारभार नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया, म्हणजे निक्सी, ही संस्था बघते. डॉट कॉमचा कारभार व्हेरिसाइन या अमेरिकी कंपनीकडे आहे.

इथे एक गैरसमज दूर करायलाच हवा. डॉट इन दिसलं म्हणजे मालक भारतीयच, असं नाही. २००५ पासून परदेशातली माणसंही ते घेऊ शकतात. वाटेल त्याला मिळत नाहीत अशी नावं वेगळी आहेत: सरकारी खात्यांचं गव्ह डॉट इन, शिक्षणसंस्थांचं एसी डॉट इन, आणि आता बँकांचं बँक डॉट इन. रिझर्व्ह बँकेने २०२५ साली सगळ्या बँकांना ३१ ऑक्टोबरपर्यंत बँक डॉट इनवर जायला सांगितलं होतं. काकूंना मी हे मुद्दाम सांगितलं, कारण बुकिंगचे पैसे ऑनलाइन यायला लागले की बँकेच्या नावाने खोटे दुवेही यायला लागतात. बँकेचा म्हणून आलेला पत्ता बँक डॉट इनवर संपतो का, एवढं बघायची सवय त्यांनी लावून घेतलीय.

डॉट इन घेतलं म्हणजे वेबसाइट भारतातल्याच सर्व्हरवर ठेवावी लागते, असंही नाही. नाव वेगळं, जागा वेगळी. नाव कुठलंही असो, होस्टिंग, म्हणजे वेबसाइट ठेवायची जागा, मुंबईत घ्या नाहीतर सिंगापूरला.

दुसरी पायरी: गेल्या वीस गिऱ्हाइकांची यादी करा

ही पायरी सगळ्यात महत्त्वाची आहे आणि तिला कॉम्प्युटर लागत नाही. वही घ्या. शेवटची वीस गिऱ्हाइकं लिहा. प्रत्येकापुढे दोन गोष्टी: ते कुठले, आणि तुमच्यापर्यंत कसे पोहोचले.

काकूंच्या वहीत पुणे, मुंबई, जळगाव, सुरत, इंदूर आणि दोन घरं हैदराबादची निघाली. परदेशातलं एकच कुटुंब, तेही मूळचं सिडकोतलं. वीसपैकी तेरा जण ओळखीतून आले होते, बाकीचे गुगलच्या नकाशावरून. म्हणजे गिऱ्हाईक भारतातलं, आणि ते फोनवर 'पंचवटी होमस्टे' शोधणारं. अशा व्यवसायाला डॉट इन सरळ बसतं.

गुगल देशाचं एक्स्टेंशन हा एक इशारा म्हणून वापरतं. डॉट इन दिसलं की ही वेबसाइट भारतातल्या लोकांसाठी असावी, असं ते धरून चालतं. डॉट कॉम असेल तर हा इशारा मिळत नाही. मग पत्ता, भाषा, दुसऱ्या कोणत्या वेबसाइट तुमच्याकडे बोट दाखवतात, अशा गोष्टींवरून गुगल अंदाज बांधतं. पण याचा बाऊ करू नका. डॉट इन घेतलं म्हणून मिसळीचं हॉटेल पहिल्या पानावर येत नाही. स्थानिक धंद्यासाठी गुगलवरची बिझनेस प्रोफाइल नीट भरणं, वेळा बरोबर लिहिणं, पिनकोडसकट पत्ता देणं आणि मराठीतही माहिती टाकणं याचा उपयोग कितीतरी जास्त होतो. नाशिक, हॉटेल, शॉप असे शब्द एक्स्टेंशनमध्ये आले म्हणजे गुगल वर आणतं, हेही खरं नाही. गुगलनेच ते स्पष्ट केलंय.

आता दुसरी वही. दिंडोरीकडच्या एका द्राक्ष निर्यातदाराने अशीच यादी केली, तेव्हा मोठे खरेदीदार सगळे युरोपातले निघाले. त्यांच्यापैकी कोणीही त्याला गुगलवर शोधत नव्हतं. ते प्रदर्शनात भेटले होते किंवा दलालामार्फत आले होते. ते वेबसाइट उघडायचे ती ई-मेल आल्यावर, हा माणूस खरा आहे ना आणि पॅकहाउसची प्रमाणपत्रं आहेत ना, हे बघायला. त्याच्यासाठी मी डॉट कॉम सुचवलं. रॉटरडॅमच्या कारकुनाला डॉट कॉम वाचायची सवय आहे, आणि उद्या बेदाणा दुबईला किंवा वाइन आणखी कुठे विकायची झाली, तरी नाव बदलावं लागणार नाही.

त्याने विचारलं होतं, "माल युरोपात जातो, मग डॉट ईयू घेऊ का?" नाही. ते युरोपीय संघातल्या रहिवाशांना, नागरिकांना आणि तिथल्या संस्थांनाच मिळतं. ब्रिटन संघातून बाहेर पडल्यावर २०२१ साल उजाडताच तिथल्या कित्येकांची डॉट ईयू नावं बंद झाली. देशाचं एक्स्टेंशन म्हणजे त्या देशाचे नियम, हे इथे नीट कळतं.

म्हणूनच कॉलेजातल्या स्टार्टअपवाल्या मुलांना सांगतो: डॉट को, डॉट आयओ, डॉट एआय जागतिक वाटतात, पण दोन अक्षरी आहेत. डॉट को कोलंबियाचं आहे, डॉट एआय अँग्विला नावाच्या कॅरिबियन बेटाचं, डॉट आयओ हिंदी महासागरातल्या ब्रिटिश प्रदेशाचं. गुगल त्यांना जागतिक धरतं हे खरं. पण दर आणि नियम त्या-त्या एक्स्टेंशनचा कारभार बघणारे ठरवतात. समजून घ्या, मगच घ्या.

तिसरी पायरी: नाव फोनवर सांगून बघा

घरातल्या कोणालातरी दुसऱ्या खोलीत बसवा, फोन लावा, आणि वेबसाइटचं नाव एकदाच सांगा. त्यांना रोमन अक्षरांत लिहून काढू द्या. मग कागद बघा.

मराठी नावांची खरी अडचण इथेच आहे, एक्स्टेंशनच्या कितीतरी आधी. काकूंच्या नावात 'वाडा' होतं. मुलाने 'ए' दोनदाच लिहिला, म्हणजे 'व'नंतर एक आणि 'ड'नंतर एक. काकूंच्या बहिणीने 'व'नंतरच दोन लिहिले. भाचीने सुरुवातीलाच 'व्ही'च्या जागी 'डब्ल्यू' घातला. एका शब्दाची तीन स्पेलिंगं, आणि तिन्ही बरोबर. 'श्री'च्या शेवटी 'आय' की दोन 'ई'? 'झ'साठी 'झेड' की 'जे एच'? 'ळ'ला तर रोमन लिपीत स्वतःचं अक्षरच नाही, तो 'ल'च्या वेशात जातो. 'द्राक्ष' आणि 'ज्ञान' हे शब्द मी नावात घालूच देत नाही.

आणि आपलं नाशिक! जुन्या इंग्रजी कागदांवर, पाट्यांवर ते 'एच'शिवाय लिहिलेलं सापडतं, नव्यांवर 'एच'सकट. पन्नाशीच्या पुढची कितीतरी माणसं अजून जुन्याच पद्धतीने लिहितात. नावात गाव घालायचं असेल तर 'एच' असलेलं मुख्य ठेवा आणि नसलेलंही, रास्त दरात मिळालं तर, नोंदवून ठेवा.

फोनच्या परीक्षेत एक्स्टेंशनचीही परीक्षा होते. पत्ता आठवत नसला की पुष्कळ लोकांचं बोट आपोआप डॉट कॉमवर जातं. म्हणून डॉट इन घेण्याआधी त्याच नावाचं डॉट कॉम उघडून बघा. तिथे कोण बसलंय? कोणीच नसेल आणि नेहमीच्या दरात मिळत असेल, तर दोन्ही घ्या. दूर देशातली वेगळ्या धंद्यातली कंपनी असेल, तर डॉट इन निर्धास्त घ्या. पण तुमच्याच धंद्यातला कोणी असेल, तर नाव बदला. तुमच्या जाहिरातीचे पैसे त्याच्या दारात गिऱ्हाईक नेऊन सोडतील, आणि त्याचं नाव नोंदणीकृत ट्रेडमार्क असेल तर नोटीसही येईल. नाव बदलायचं जिवावर येतं, मला माहीत आहे. बोर्ड रंगवायच्या आधी ते सोपं असतं.

वाद झालाच तर तो कुठे जाणार, हेही एक्स्टेंशनवर ठरतं. डॉट इनच्या नावाची तक्रार निक्सीकडे जाते आणि भारतातला लवाद निर्णय देतो. डॉट कॉमसाठी १९९९ सालापासून चालत आलेली जागतिक पद्धत आहे. जिनिव्हातल्या जागतिक बौद्धिक संपदा संघटनेकडे एकसदस्यीय निवाड्यासाठी गेलात तर फीच दीड हजार डॉलरपासून सुरू होते. येवल्यात चार मागांवर पैठणी विणणाऱ्याला ही रक्कम परवडणारी नाही. त्याला मी डॉट इन मुख्य ठेवायला सांगतो, त्यामागे हेही एक कारण आहे.

चौथी पायरी: को डॉट इन आणि डॉट भारत

नावापुढे नुसत्या डॉट इनऐवजी को डॉट इन लावलेला प्रकारही मिळतो, तो मी शक्यतो टाळतो. फोनवर सांगताना मधला 'को' गळून पडतो, आणि कोणी ई-मेल पाठवली की ती नुसत्या डॉट इनवाल्याकडे जाते. कोटेशन, बिलं, ग्राहकांचे नंबर परक्याच्या हाती लागतात. नुसतं डॉट इन दुसऱ्याचं असेल, तर तेच नाव को डॉट इनमध्ये घेण्यापेक्षा नाव थोडं बदलणं बरं.

डॉट भारत मला मनापासून आवडतं. २०१४ साली ते देवनागरीत सुरू झालं आणि पहिल्याच खेपेत मराठी त्यात होती. तिथे 'वाडा'ची तीन स्पेलिंगं होत नाहीत, 'ळ' हा 'ळ'च राहतो. पण आज एकट्या त्याच्यावर विसंबून राहू नका. आतल्या आत कॉम्प्युटर हे नाव रोमन अक्षरांच्या एका सांकेतिक ओळीत बदलतो. काही ठिकाणी दुवा चिकटवला की ती अगम्य ओळच दिसते, आणि गिऱ्हाइकाला हा काहीतरी घोटाळा वाटतो. शिवाय देवनागरीतला ई-मेल पत्ता अनेक फॉर्म स्वीकारत नाहीत. म्हणून ते दुसरं नाव म्हणून घ्या, मुख्य वेबसाइटकडे वळवा, आणि दुकानाच्या पाटीवर मोठ्या अक्षरांत रंगवा. मराठी वाचणारं गिऱ्हाईक ते फोनवर मराठीतच टाइप करून येऊ शकतं.

पाचवी पायरी: दुसऱ्या वर्षाचा दर विचारा

जाहिरातीत दिसतो तो पहिल्या वर्षाचा दर. खरा दर नूतनीकरणाचा. नाव टोपलीत टाकण्याआधी रिन्युअल किती, हे शोधून वहीत लिहा, त्यावर १८ टक्के जीएसटी धरा. डॉट कॉमचा घाऊक दर व्हेरिसाइन नावं विकणाऱ्या कंपन्यांकडून डॉलरमध्ये घेते. सप्टेंबर २०२४ मध्ये तो वर्षाला १०.२६ डॉलर झाला. म्हणजे रुपया घसरला की तुमचा खर्च वाढतो. नव्या आकर्षक एक्स्टेंशनची पहिल्या वर्षाची किंमत सगळ्यात कमी आणि पुढची कित्येकदा सगळ्यात जास्त असते. डॉट इन आणि डॉट कॉम ही दोन्ही नावं एका वेळी जास्तीत जास्त १० वर्षांसाठी घेता येतात. नवख्याने २-३ वर्षांसाठी घ्यावं, असं माझं मत आहे.

सहावी पायरी: नाव तुमच्याच नावावर करा

इथे मला थोडं थांबायचंय, कारण हा चटका मी स्वतः खाल्लाय.

या धंद्यात येण्याआधी आमचं घरचं छोटं दुकान होतं. वेबसाइट बनवून देणाऱ्या एकाने डोमेनही, म्हणजे वेबसाइटचं नावही, त्याच्याच खात्यातून, स्वतःच्या ई-मेलवर घेऊन दिलं. आम्हाला फरक कळत नव्हता. दोन वर्षांनी त्याने काम बंद केलं, फोन लागेना. मुदत संपली, वेबसाइट गेली, त्या नावावरचे ई-मेल गेले, आणि काही महिन्यांनी ते नाव भलत्याच कोणीतरी घेतलं. वडिलांनी छापून ठेवलेल्या दोन हजार पिशव्यांवर तोच पत्ता होता. त्या पिशव्या आम्ही पुढे कितीतरी दिवस पत्त्यावर कागद चिकटवून वापरल्या. तेव्हापासून एकाही गिऱ्हाइकाचं नाव मी माझ्या खात्यात घेत नाही. त्यांच्या समोर, त्यांच्या फोनवर, त्यांच्या कार्डने घ्यायला लावतो.

तुम्हीही तसंच करा. रजिस्ट्रारकडे, म्हणजे नावं विकणाऱ्या कंपनीकडे, खातं स्वतः उघडा. मालक म्हणून तुमचं किंवा फर्मचं नाव घाला. ई-मेल असा द्या जो त्याच डोमेनवरचा नाही. डोमेन बंद पडलं की त्यावरचा ई-मेलही बंद, मग पासवर्ड बदलायचा संदेश येणार कुठे? दोन टप्प्यांची सुरक्षा चालू करा आणि मोबाइल नंबर दुकानातल्या मुलाचा नको, तुमचा द्या.

डॉट कॉम घेतल्यावर ई-मेल खरा आहे हे पटवणारा एक संदेश येतो. १५ दिवसांत त्यावर क्लिक केलं नाही, तर नाव थांबवलं जाऊ शकतं. नवी वेबसाइट अचानक बंद पडल्याचे फोन मला येतात, त्यांतल्या कित्येकांचं कारण हेच असतं. डॉट इनला ओळखपत्राची पडताळणी मागतात, तेव्हा आधार-पॅन हाताशी ठेवा. डॉट इनच्या नियमांत स्वतःच्या जागी दुसऱ्याचं नाव-पत्ता लावणारी गोपनीयता सेवा चालत नाही. घरून व्यवसाय करणाऱ्या बायकांनी याचा विचार जरूर करावा, आणि शक्य असेल तर घराऐवजी दुकानाचा किंवा फर्मचा पत्ता द्यावा. डॉट कॉमला अशी सेवा मिळते.

सातवी पायरी: एकच दार मुख्य ठेवा

दोन-तीन नावं घेतली असतील, तर वेबसाइट एकाच नावावर चालवा. बाकीची कायमस्वरूपी वळवून त्याच दारात आणा. तीच वेबसाइट दोन नावांवर वेगवेगळी चालवली की गुगलला दोन सारखी दुकानं दिसतात, आणि तुम्हाला दोन्हीकडे भाव बदलत बसावं लागतं. व्हिजिटिंग कार्ड, रिक्षामागची जाहिरात, व्हॉट्सॲपची प्रोफाइल, सगळीकडे तेच एक नाव. ई-मेलही त्याच नावावरचा.

रजिस्ट्रार आवडला नाही तर बदलता येतो, नाव तुमचंच राहतं. पण डॉट कॉम घेतल्यापासून पहिले ६० दिवस साधारणपणे ते हलवता येत नाही. म्हणून आधी नीट निवडा.

आठवी पायरी: मुदतीची तारीख

डॉट कॉमची मुदत संपण्याच्या सुमारे एक महिना आणि एक आठवडा आधी रजिस्ट्रारने आठवण द्यावी, असा नियम आहे. ती ई-मेल जाहिरातींच्या गर्दीत हरवते. मुदत संपल्यावर काही दिवस नेहमीच्या दरात नाव परत मिळतं. ते निसटले की ३० दिवसांचा काळ असतो, त्यात नाव सोडवायला जबर दंड पडतो. त्यानंतर ५ दिवस कोणाच्याच हातात काही नसतं, आणि मग ते जगाला खुलं होतं. आपोआप नूतनीकरण चालू ठेवा, पण कार्डाची मुदत संपली असेल तर पैसे कापलेच जात नाहीत, हेही ध्यानात असू द्या. अनोळखी कंपनीकडून 'तुमचं डोमेन संपतंय, इथे पैसे भरा' असं पत्र आलं तर भरू नका. आधी स्वतःच्या खात्यात शिरून तारीख बघा.

काकूंनी शेवटी 'वाडा' नावातून काढला आणि भाचीने, बहिणीने, मुलाने तिघांनी सारखा लिहिला असा दुसरा शब्द घेतला. त्याचं डॉट इन मुख्य, डॉट कॉम मोकळं होतं म्हणून तेही, आणि देवनागरीतलं डॉट भारत फाटकावरच्या पाटीसाठी. सगळी नोंदणी त्यांच्या नावावर झाली, ओटीपी त्यांनीच चष्मा लावून घातला. स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयावर त्यांनी मुदतीच्या एक महिना आधीच्या तारखेला लाल गोल केला आणि मला म्हणाल्या, "दरवर्षी नवं कालनिर्णय आणलं की आधी हा गोल उतरवून घेईन, मग गॅस सिलिंडरची तारीख."